गोठ्यात पाणी शिरलं, पाच आठवड्यांनी म्हशीने गाभ टाकला. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असेल का?

गोठिवलीचा_गोठा | १७ ऑगस्ट, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, अर्धवट माहितीवर कुणी काय सांगणार?

आम्ही गोठिवलीचे, रबाळे स्टेशनजवळ. शेती सिडकोत गेली, गोठा तेवढा राहिला. चार म्हशी, दोन गाई. दूध आसपासच्या १७ घरांत जातं. गोठा वडीलच बघतात, मी नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ हाताशी असतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली. नाल्याचं पाणी उलटं फिरून गोठ्यात घुसलं. दीड दिवस जनावरं गुडघाभर काळ्या पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर गव्हाणीखालून घुशी बाहेर पडताना आम्ही डोळ्यांनी पाहिल्या. कोबा धुतला आणि विषय संपला असं समजलो.

२४ जुलैला एका गाईचं दूध एकाएकी तुटलं. सकाळी सात लिटर देणारी गाय संध्याकाळी दोनवर आली. धार पिवळट, घट्ट, चिकासारखी, आणि चारही सडांतून तशीच. दगडी (कासेची सूज) झाली म्हणून एकाने सडांत औषधाच्या ट्यूब सोडल्या, आठवडाभर इंजेक्शनं दिली. दहा-बारा दिवसांनी दूध बरंचसं परत आलं.

काल रात्री आठ महिन्यांच्या गाभण म्हशीने गाभ टाकला. पारडू मेलेलं, आतच सडायला लागलेलं. वडिलांनी नुसत्या हातांनी ओढून काढलं. त्यांच्या अंगठ्याला विळ्याची ताजी जखम होती, हे मला आज सकाळी कळलं. पारडू आणि वार गोणीत भरून खाडीच्या बाजूला टाकलं होतं, पहाटे भटक्या कुत्र्यांनी ती गोणी फाडली.

हा लेप्टो असू शकतो का? तपासणी कशाची आणि कुठे करायची? दुधाचं काय करू? आई म्हणते नजर लागली. मला झोप लागत नाहीये.

---

पशुवैद्य_पनवेल | १७ ऑगस्ट, रात्री ११.०२

आधी दोन प्रश्न. गाईचं दूध तुटलं तेव्हा कास कडक आणि गरम होती, की मऊ पडून रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती? आणि तिला ताप होता का? उत्तर येईपर्यंत लिहून ठेवतो, कारण यातलं काही उद्या सकाळीच करायचं आहे.

वडिलांना उद्या डॉक्टरकडे न्या. ताप नसला तरी न्या. "गाभडलेल्या म्हशीत उघड्या जखमेचा हात घातला होता" हे वाक्य जसंच्या तसं सांगा. लेप्टो आणि ब्रुसेला (गाभ टाकायला लावणारा दुसरा जंतू), दोन्ही याच वाटेने माणसात येतात, आणि गाभ टाकलेल्या जनावरात दोन्हींचा संशय धरूनच चालायचं असतं.

वारीचा काही भाग गोठ्यात राहिला असेल तर हातमोजे घालून उचला. खोल खड्डा, वर चुना, वर दगड. विहीर, बोअर आणि नाला यांपासून लांब. खाडीकडे पुन्हा काही टाकू नका.

म्हशीला दावणीतून काढून वेगळी बांधा. तिचं मूत बाकीच्यांच्या पायाखालून वाहत जाणार नाही अशा जागी, म्हणजे उताराच्या शेवटाला.

---

गोठिवलीचा_गोठा | १७ ऑगस्ट, रात्री ११.२०

डॉक्टरसाहेब, कास मऊ होती. अगदी तुम्ही म्हणता तशी, लोंबती. ताप आम्ही मोजला नाही, पण दोन दिवस तिने पेंड सोडली होती.

---

पशुवैद्य_पनवेल | १८ ऑगस्ट, सकाळी ६.४५

मग ती दगडी नव्हती. दगडीत बहुधा एखाद-दुसरा सड बिघडतो, कासेचा तो भाग सुजतो, कडक होतो, जनावर हात लावू देत नाही. कास मऊ, चारही सडांतून पिवळं घट्ट दूध, कधी रक्ताची छटा, आणि दूध एकदम तुटणं, हे लेप्टोचं जुनं ओळखीचं रूप आहे. दहा-पंधरा दिवसांत दूध आपोआप परत येतं. त्यामुळे ट्यूबेने बरं झालं असं सगळ्यांना वाटतं आणि खरं कारण दावणीतच राहतं.

पुढची साखळी बघा. जनावराला लागण होते, जंतू रक्तातून फिरून मूत्रपिंडात घर करतात आणि लघवीतून आठवडे, कधी महिने बाहेर पडत राहतात. जनावर त्या काळात खातंय, पितंय, दूध देतंय. गाभणीच्या पोटात जंतू गर्भापर्यंत पोचले तर लागणीनंतर दोन ते बारा आठवड्यांत गाभ जातो, बहुतेक वेळा शेवटच्या तीन महिन्यांत. पारडू आत मरून एक-दोन दिवसांनी पडतं, म्हणून तुम्हाला ते सडलेलं दिसलं. तुमचे पाच आठवडे या हिशेबात बसतात. पण बसतात म्हणजे सिद्ध झालं असं नाही. ब्रुसेलाची तपासणी सोबत झालीच पाहिजे.

रक्त सहाही जनावरांचं घ्यायचं, एकट्या म्हशीचं नाही. लेप्टोसाठी मॅट नावाची चाचणी असते. जनावराच्या रक्तजलात जिवंत लेप्टोचे जंतू सोडतात आणि अंधाऱ्या पार्श्वभूमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते गोळा होतात का ते बघतात. जिवंत जंतू सांभाळायला लागतात म्हणून ही चाचणी मोजक्या ठिकाणीच होते. दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतात, प्रतिपिंडांचा (जंतूशी लढणाऱ्या घटकांचा) आकडा चौपट वाढला तर ताजी लागण. यात एक गोम आहे. गाभ जातो तोवर म्हशीचा आकडा चढून बसलेला असतो, कधी उतरायलाही लागलेला असतो. तिच्या दुसऱ्या नमुन्यात वाढ दिसेलच असं नाही. म्हणून अख्ख्या गोठ्याचे आकडे एकत्र बघायचे.

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आज जा, किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरता दवाखाना मागवा. नमुना कुठे पाठवायचा ते तेच ठरवतील. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही विचारता येईल. मी तिथलाच विद्यार्थी. कॉलेज १८८६ सालचं, आणि जर्मनीत वाइल यांनी माणसातल्या या काविळीच्या तापाचं वर्णन केलं तेही १८८६ सालीच. जंतू सापडायला मात्र १९१५ उजाडलं, जपानमध्ये.

---

ऐरोलीची_शमा | १८ ऑगस्ट, दुपारी १.३०

दादा, वाचून काळजात धस्स झालं. गुरांचं मला कळत नाही, पण माझा लॅब्रेडॉर मागच्या पावसाळ्यात यातून गेलाय, म्हणून लिहिते.

सोसायटीच्या फाटकाबाहेर पेव्हर ब्लॉक खचून एक खड्डा झाला होता, शेजारी कचऱ्याची पेटी. फिरून येताना हा त्यातलं पाणी लपालपा प्यायचा. मी ओढायचे, पण दोन घोट जायचेच. आठवड्याभराने उलट्या सुरू झाल्या. एका दवाखान्यात पोट बिघडलंय म्हणून तीन दिवस औषध चाललं. चौथ्या दिवशी तो उठेना. मी त्याचा ओठ वर करून पाहिला तर हिरड्या हळद चोळल्यासारख्या, डोळ्यांचं पांढरं तसंच. लघवी चहाच्या रंगाची. दुसऱ्या डॉक्टरांनी पाहताक्षणी पहिला प्रश्न विचारला: लेप्टोची लस कधी झाली? तिची तारीख दोन महिने उलटून गेली होती. आठ दिवस सलाईन चाललं. वाचला, पण मूत्रपिंडं नाजूक झाली, आता कायमचं पथ्य आहे.

त्या आठ दिवसांनंतरही डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्याची लघवी हातमोजे घालूनच पुसायची आणि जागा ब्लीचने धुवायची. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची. महिनाभर तिला त्याच्याजवळ बसू दिलं नाही. तो दाराबाहेरून तिच्याकडे बघत बसायचा.

तुमच्या गोणीवर तुटून पडलेल्या कुत्र्यांचाही विचार मनातून जात नाही.

---

पशुवैद्य_पनवेल | १८ ऑगस्ट, दुपारी २.१०

शमाताई, कुत्र्यांच्या लसीबद्दल एक भर घालतो. पहिल्या वेळी तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी एक. लेप्टोचं संरक्षण साधारण वर्षभरच टिकतं, त्यामुळे पावसाळ्याआधी तारीख बघून घ्यावी. आणि लस घेतलेल्या कुत्र्यालाही लेप्टो होऊ शकतो. या जंतूचे अडीचशेहून अधिक प्रकार आहेत, लसीत त्यातले मोजके असतात.

---

कोपरीकर | १८ ऑगस्ट, संध्याकाळी ७.००

लेप्टो उंदरांमुळे होतो हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. उंदीर मारा, प्रश्न मिटला. गोठ्यात विषाच्या गोळ्या टाका. एवढ्या रक्ताच्या तपासण्या कशाला?

---

पशुवैद्य_पनवेल | १८ ऑगस्ट, रात्री ९.२५

कोपरीकर, हा समज इतका पक्का आहे की थोडं लांबवर लिहितो.

उंदीर आणि घूस हे मोठे वाहक, यात वाद नाही. त्यांना स्वतःला काही होत नाही, आयुष्यभर लघवीतून जंतू सोडत राहतात. पण प्रत्येक प्रकारच्या लेप्टोचं आपलं एक घर असतं. हार्डजो नावाचा प्रकार गाईगुरांमध्येच मुक्काम करतो. त्याला उंदराची गरज नाही. एक गाय मुतते, शिंतोडे शेजारणीच्या डोळ्यात, नाकात, सडाच्या भेगेत जातात, चक्र चालू. पोमोना डुकरांत आणि गुरांत, कॅनिकोला कुत्र्यांत. उद्या गोठ्यातली शेवटची घूस मेली तरी लागण झालेली म्हैस पुढच्या गाभणीला ती देऊ शकते. तपासणी यासाठी. कोणता प्रकार निघतो त्यावरून लागण बाहेरून आली की दावणीतच फिरतेय याचा अंदाज येतो.

आणि विषाच्या गोळ्या गव्हाणीजवळ कृपा करून टाकू नका. पेंडीत मिसळून जनावर दगावल्याचं मी पाहिलंय. सरकी, चुनी, कोंडा झाकणाच्या पिंपात ठेवा, पिंप विटांवर. रात्री गव्हाणीत उरलेलं खाणं काढून टाका. बिळं काच आणि सिमेंट घालून बुजवा. खायला मिळालं नाही की घूस स्वतःच जागा सोडते.

---

बाळकूमचा_तबेलेवाला | १९ ऑगस्ट, पहाटे ४.५०

धारा काढायच्या आधी लिहितोय. माझी तिसरी पिढी या धंद्यात. आमच्याकडे मुऱ्हा आणि जाफराबादी म्हशी.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो सगळ्यांना आठवतो. त्यानंतर माणसांत लेप्टोची साथ आली, पेपर भरून बातम्या होत्या. आमच्या तबेल्यात त्या गणपतीपासून दिवाळीपर्यंत पाच म्हशींनी गाभ टाकला, त्याची बातमी कुठे येणार? वडील म्हणाले खाण्यात काहीतरी आलं. कुणी रक्त तपासलं नाही. त्यातल्या तीन पुढे उलटत राहिल्या, गाभणच राहिनात, शेवटी विकल्या. कुठल्या गोठ्यात गेल्या देव जाणे. आज ते आठवलं की वाईट वाटतं.

आता मी काय करतो ते सांगतो. नवीन म्हैस आणली की महिनाभर वेगळ्या शेडमध्ये, तिची बादलीसुद्धा वेगळी. कोब्याला उतार दिला आणि मुताची गटारी दावणीच्या मागून काढली, आधी ती दोन रांगांच्या मधून जायची. शेण पूर्ण उचलल्याशिवाय ब्लीचिंग पावडर टाकत नाही, कारण शेणात पावडर मरून जाते. आणि जमीन कोरडी राखायची. या जंतूला ओल हवी, कोरडं झालं की तो टिकत नाही. पावसाळ्यात ऊन नाही म्हणून दोन मोठे पंखे जमिनीच्या दिशेने लावलेत. वीजबिल येतं, पण येऊ दे.

---

सिस्टर_कळवा | १९ ऑगस्ट, सकाळी ८.३०

मी १८ वर्षं नर्सिंगमध्ये आहे. दादा, वडिलांना नेलं का? तुम्ही तेवढंच लिहिलं नाहीये.

---

गोठिवलीचा_गोठा | १९ ऑगस्ट, रात्री ९.००

ताई, ते यायला तयार नाहीत. म्हणतात, ४० वर्षं म्हशी व्यायल्या या हातांवर, काय झालं मला? अंगठ्याला हळद लावून बसलेत.

बाकी कामं झाली. फिरता दवाखाना आला, सहाही जनावरांचं रक्त घेतलं. म्हैस वेगळी बांधली.

आणखी एक विचारायचं आहे. सकाळी शेजारपाजारचे गोमूत्र न्यायला येतात. गणपती जवळ आलेत, पंचगव्याला मागणार. देऊ का?

---

पशुवैद्य_पनवेल | १९ ऑगस्ट, रात्री ९.१५

नाही. एक थेंबही नाही. लेप्टोचा जंतू आंबटपणात मरतो, पण गाईम्हशींचं मूत अल्कधर्मी असतं, त्यात तो टिकतो. लोकांच्या श्रद्धेचा मान ठेवूनच सांगा, की गाय आजारी आहे, यंदा दुसरीकडून घ्या. कुणी वाईट वाटून घेणार नाही.

दूध उकळून प्यायलं तर लेप्टो आणि ब्रुसेला दोन्ही मरतात. धारोष्ण दूध घरातही कुणी पिऊ नये. औषध सुरू झालं की त्या जनावराचं दूध औषधाच्या मुदतीपर्यंत ओतून द्यायचं.

---

सिस्टर_कळवा | १९ ऑगस्ट, रात्री १०.४०

वडिलांना माझा निरोप द्या. ४० वर्षं काही झालं नाही, कारण ४० वर्षं घुशींचं पाणी, जखम आणि गाभडलेली म्हैस एकाच पावसाळ्यात जुळून आली नव्हती.

काय बघायचं ते सांगते. दोन दिवसांपासून तीस दिवसांपर्यंत कधीही, बहुतेकांना पाच ते चौदा दिवसांत. थंडी वाजून ताप, डोकं फुटेल असं दुखणं, डोळे लाल पण चिपडं नाहीत. आणि पोटऱ्या. पोटरी नुसती दाबली तरी माणूस ओरडतो. लघवी कमी झाली, डोळे पिवळे झाले, दम लागला की मिनिट घालवू नका.

मुंबईत पुराच्या पाण्यातून चालल्यावर २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन घ्या असं पालिका दर पावसाळ्यात सांगते. तीच गोष्ट गोठ्याला लागू आहे, पण गोठ्यातल्या माणसाला कुणी सांगत नाही. गोळी मनाने घेऊ नये, गरोदर बायका आणि लहान मुलांना ती चालत नाही.

---

गोठिवलीचा_गोठा | २ सप्टेंबर, रात्री ११.३०

खूप दिवसांनी आलो. माफ करा.

२४ ऑगस्टला बाबांना ताप आला. जवळच्या एका डॉक्टरांनी व्हायरल म्हणून गोळ्या देऊन पाठवलं. मी म्हशीचं सांगत होतो, ते लिहीत होते. रात्री मी बाबांचे पाय चेपायला बसलो. पोटरीला हात लावला आणि त्यांनी माझा हात झटकला. मी त्यांना कधी कण्हताना ऐकलं नव्हतं. सिस्टरताई, त्या क्षणी तुमची ओळ आठवली. तसाच रिक्षात घालून मोठ्या हॉस्पिटलला नेलं आणि दारातच म्हणालो, "हे गुरं सांभाळतात, आठ दिवसांपूर्वी गाभडलेल्या म्हशीत जखमेचा हात घातला होता."

पहिली रक्ताची चाचणी निगेटिव्ह आली. मला हायसं वाटलं, पण तिथल्या डॉक्टर बाईंनी समजावलं की शरीरात प्रतिपिंडं तयार व्हायला पाच-सहा दिवस जातात, तोवर चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. त्यांनी रिपोर्टची वाट न बघता इंजेक्शनं सुरू केली. तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) चढलं. दोन रात्री मी लघवीची पिशवी आणि घड्याळ एवढंच बघत होतो. डायलिसिस लागलं नाही. दुसरी चाचणी पॉझिटिव्ह आली. काल घरी आलो.

गोठ्याचे रिपोर्ट: सहापैकी चार जनावरांत लेप्टो पॉझिटिव्ह, गाभडलेली म्हैस आणि दूध तुटलेली गाय त्यात आहेत. आकडा सगळ्यात जास्त हार्डजोचा. ब्रुसेला सगळ्यांचा निगेटिव्ह.

---

पशुवैद्य_पनवेल | ३ सप्टेंबर, सकाळी ७.१०

वडील घरी आले, फार बरं वाटलं.

हार्डजो म्हणजे लागण दावणीतही फिरत होती, नाल्याचं पाणी हे एकच कारण नसणार. गेल्या दीड-दोन वर्षांत जनावर विकत आणलं होतं का?

---

गोठिवलीचा_गोठा | ३ सप्टेंबर, सकाळी ८.००

हो. तीच गाय, दूध तुटलेली. मागच्या दिवाळीनंतर बाजारातून आणली आणि त्याच दिवशी दावणीला बांधली.

---

ऐरोलीची_शमा | ३ सप्टेंबर, सकाळी ११.१५

दादा, गिऱ्हाइकांना सांगितलंत का?

---

गोठिवलीचा_गोठा | ३ सप्टेंबर, रात्री १०.००

सांगितलं, ताई. बाबा हॉस्पिटलात असतानाच १७ घरी स्वतः गेलो. सहा घरांनी दूध बंद केलं, त्यांचा राग नाही. एका आजींनी विचारलं, "तुझे बाबा कसे आहेत?" आणि दारातच माझा हात धरून ठेवला. त्यांच्या नातवाला डॉक्टरांनी ताप नाही ना बघून घ्यायला सांगितलं होतं, तो ठीक आहे.

चारही जनावरांचे औषधाचे डोस डॉक्टरांच्या हाताने झाले. त्या दिवसांचं दूध ओतून दिलं. ओतायला बाबांनी मला सांगितलं, स्वतः बघत उभे राहिले नाहीत.

---

बाळकूमचा_तबेलेवाला | ४ सप्टेंबर, पहाटे ५.००

गाभण आहे का अजून कुणी?

---

गोठिवलीचा_गोठा | ४ सप्टेंबर, सकाळी ७.३०

मंगी. नववा महिना. ती पॉझिटिव्ह चारांतलीच आहे.

---

गोठिवलीचा_गोठा | १ ऑक्टोबर, दुपारी ४.००

मंगी काल दुपारी व्याली. पारडी आहे.

बाबा गमबूट आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घालून बसले होते, मी ते आठवडाभर आधीच खुंटीला टांगून ठेवले होते. पारडी पडली तेव्हा मान खाली टाकून होती, आम्ही दोघं काही बोललो नाही. तिला पुसलं, नाक मोकळं केलं. पाऊण तासाने तिने पुढचे पाय टेकले, पडली, परत टेकले. चौथ्या खेपेला उभी राहिली आणि स्वतःच सडाला लागली. चीक आधी तिला पोटभर पाजला. वार सहा तासांत पूर्ण पडली, गोठ्यामागे खोल खड्डा घेऊन चुना टाकून पुरली, वर फरशी ठेवली.

आई आता मंगीची दृष्ट काढतेय.